पाकीट परत मिळेल का? (शेजार, विश्वास आणि आपलं सुख)

खडीसाखर

२०१३ साली रीडर्स डायजेस्टने एक खोडसाळ प्रयोग केला होता. जगातल्या १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं मुद्दाम 'हरवली'. आत ५० डॉलरच्या आसपास स्थानिक पैसे, घरच्यांचा फोटो, मोबाईल नंबर. मग बसले वाट बघत. हेलसिंकीत १२ पैकी ११ परत आली. दुसरा नंबर मुंबईचा, ९. न्यूयॉर्क आणि बुडापेस्ट प्रत्येकी ८, लंडन ५, झुरिक ४. लिस्बनमध्ये एकच परत आलं, आणि ते आणून देणारं जोडपंही नेदरलँड्सहून फिरायला आलेलं.

आता दुसरी यादी. जागतिक आनंद अहवाल २०२५. फिनलंड पहिला, सलग आठव्यांदा. भारत १४७ देशांत ११८वा.

म्हणजे पाकिटांच्या यादीत मुंबई फिनलंडच्या मागोमाग आणि सुखाच्या यादीत देश पार तळाकडे. हे कसं काय?

याच २०२५च्या अहवालात पाकिटांवर बरंच लिहिलंय. लोकांना विचारलं होतं, तुमचं पाकीट हरवलं आणि शेजाऱ्याला, अनोळखी माणसाला किंवा पोलिसाला सापडलं तर परत मिळेल असं वाटतं का? 'मिळेल' म्हणणारी माणसं जास्त सुखी निघाली. आणि खरी गंमत पुढे आहे: लोकांना जेवढी आशा असते त्याच्या जवळपास दुप्पट पाकिटं प्रत्यक्षात परत येतात.

माझं म्हणणं एवढंच की लोक वाईट आहेत म्हणून आपण जितके दुःखी आहोत, त्यापेक्षा ते वाईटच असणार हे गृहीत धरून जगल्यामुळे जास्त आहोत. एसटी स्टँडवर बाथरूमला जायचं तर सगळं सामान खांद्यावर घेऊन जायचं. रेल्वेत 'अनोळखी व्यक्तीने दिलेलं खाऊ नका'. मूळ कागद हातात असताना त्याच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मागणारा देश आहे आपला (आता स्वतःच सही करायची मुभा दिलीय, उपकारच म्हणायचे). दिवसभर हा पहारा देऊन माणूस थकतो. पाहिजे तेवढे नातेवाईक असोत, व्हॉट्सॲपवर चाळीस ग्रुप असोत, थकवा जात नाही.

तुम्हाला काय वाटतं?

शंकासुर

धागा चांगला, पण बारा पाकिटं! ९ आणि ८ यांत फरक एका पाकिटाचा. त्यावरून मुंबईकर प्रामाणिक ठरवायचे तर मग आमच्या गल्लीतल्या क्रिकेट टीमलाही रणजीत घ्या.

खरा अभ्यास २०१९चा, 'सायन्स'मध्ये आलेला. ४० देश, ३५५ शहरं, १७,००० हून जास्त पाकिटं. बँका, पोस्ट, हॉटेलं, थिएटर असल्या ठिकाणच्या काउंटरवर नेऊन द्यायची, 'रस्त्यात सापडलं, मला घाई आहे, तुम्हीच बघा' म्हणून सटकायचं. निकाल असा की बिनपैशांच्या पाकिटांपेक्षा पैसे असलेली जास्त परत आली. साधारण ४० टक्के आणि ५१ टक्के. अर्थतज्ज्ञांनाही आधी विचारलं होतं, त्यांचाही अंदाज चुकला. काही पाकिटांत चावी होती, काहींत नव्हती. चावी पाकीट हातात आलेल्याच्या काय कामाची? मालकाच्या मात्र कामाची. चावीवाली जास्त परत आली. म्हणजे चोर ठरायची लाज असतेच, शिवाय समोरच्याची काळजीही असते.

पण या अभ्यासातही भोक आहे. परत देणं म्हणजे मालकाला ईमेल करणं, असं धरलं होतं. आपल्याकडे काउंटरवरचा माणूस ईमेल करील? तो पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून मालक यायची वाट बघेल. चीनमध्ये नंतर पुन्हा प्रयोग केला तेव्हा हेच दिसलं, ईमेल न करणाऱ्या बऱ्याच लोकांनी पाकीट जपून ठेवलं होतं. तेव्हा देशांच्या क्रमवाऱ्या जरा मिठाच्या चिमटीने घ्या.

एस्पूकर

फिनलंडमध्ये बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, इथे कोणी हसत फिरत नाही. त्या अहवालातला प्रश्न 'तुम्ही किती आनंदी' असा नसतोच. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पा, सगळ्यात वर तुमच्यासाठी शक्य तितकं चांगलं आयुष्य, तर तुम्ही कुठल्या पायरीवर? फिनिश माणूस विचार करून 'ठीक चाललंय, आठ' म्हणतो. आपल्याला आठ म्हणताना नजर लागेल अशी भीती वाटते. (हलकेच घ्या.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धागाकर्तीने शेजार आणि विश्वास एका दमात घेतलेत. इथे ते दोन वेगळे आहेत. माझ्या शेजाऱ्याला जिन्यात कोणाची चाहूल लागली तर तो दारामागे थांबतो, गाठ पडू नये म्हणून. जवळपास निम्म्या घरांत एकटा माणूस राहतो. पण सात वर्षांचं पोर शाळेत एकटं चालत जातं. तान्ही मुलं बाबागाडीत कॅफेच्या बाहेर झोपलेली असतात आणि आई आत कॉफी पीत असते. प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न दर नोव्हेंबरात जाहीर होतं, पेपरवाले याद्या छापतात.

इथे ओळख नाही पण विश्वास आहे. तिकडे ओळखीच ओळखी आहेत.

पण पहिला हिवाळा मी कसा काढला ते मला विचारा. पाकीट हरवलं असतं तर नक्की मिळालं असतं, पण ते हरवलं हे सांगायला कोणी नव्हतं. सुटका झाली ती सोसायटीच्या वसंतातल्या साफसफाईला गेलो तेव्हा. सगळे मिळून पानं गोळा करतात, वाळू झाडतात, मग आवारातच सॉसेज भाजतात. दारामागे थांबणारा तोच शेजारी तिथे दोन तास बोलला. हातात दाताळं दिलं की फिनिश माणूस बोलतो.

मु_पो_आटपाडी

एस्पूकर, आमच्याकडं ह्यालाच इर्जिक म्हणत्यात. सॉसेजच्या जागी मटण-भाकरी. आणि सावड म्हंजे आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. आता ट्रॅक्टर आला, सावड ऱ्हायली बैलजोडीच्या गोष्टीत.

मोबाईलवरनं टंकतोय, सविस्तर रात्री लिवतो.

गिरणगावकर

लालबागच्या चाळीत जन्म गेला म्हणून चार शब्द.

गिरणीत काम करणारे निम्मेअधिक लोक एकटे. बायकापोरं कोकणात नाहीतर घाटावर. एका खोलीत पाळीप्रमाणे झोपायचे, जेवायला खानावळवालीकडे. ती काही हॉटेलवाली नव्हे, शेजारच्याच खोलीतली बाई. महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी. लिहिलेलं काही नाही, डोक्यात हिशेब. गिरण्या बंद पडल्या, संप झाले, तरी ताट बंद झालं नाही. या बायका स्वतःचे दागिने सावकाराकडे ठेवून संपकऱ्यांना जेवू घालत, हे बघूनच प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली त्यांना एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँकांनी कधी दारात उभं केलं नसतं त्यांना.

१८ जानेवारी १९८२ला मोठा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर. तो कधी रीतसर संपलाच नाही. त्या काळात आमच्या मजल्यावर कोणाची चूल पेटली नाही तर दुपारपर्यंत कळायचं आणि संध्याकाळपर्यंत काहीतरी व्हायचं. सुख होतं म्हणत नाही. भूक होती. पण आपण एकटे पडलोय असं वाटत नव्हतं.

आज त्याच जागेवर टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. जागा मोठी, संडास घरात, लिफ्ट चार. वरच्या मजल्यावरचं कोणी गेलं ते गेटच्या ॲपवर कळलं.

पाणीपुरीवाली

+१ गिरणगावकर काका. डोळ्यात पाणी.

मोगरी

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, तरी चाळीचे उमाळे पुरे करूया आता.

मीही चाळीतलीच. तुमच्या मजल्यावर कोणाची चूल पेटली नाही ते दुपारपर्यंत कळायचं ना? आमच्याकडे मी क्लासवरून किती वाजता आले, कोणाबरोबर आले, गॅलरीत कोणाशी बोलले, हे आई घरी यायच्या आधी आईला कळायचं. दार उघडं असायचं कारण बंद केलं तर चर्चा व्हायची. माझ्या एका मैत्रिणीचं शिक्षण या 'जिव्हाळ्या'ने थांबवलं. हक्काने जेवायला घालणारी तीच माणसं हक्काने नाकही खुपसतात. टॉवरमध्ये आल्यावर पुरुषांना एकटं वाटतं, बायकांना पहिल्यांदा मोकळं वाटतं, असं माझं निरीक्षण आहे. लिफ्टमध्ये कोणी ओळख दाखवत नाही, किती छान!

दुसरं, हा विश्वास होता कोणावर? आपल्यातल्यावर. गावचा, जातीचा, तालुक्याचा माणूस बघून खोली मिळायची. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनला शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून पारशांच्या मुक्कामाच्या जागेत राहावं लागलं, आणि कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही काढलं. त्या लोकांचे आपसातले संबंध घट्टच होते. घट्ट होते म्हणून तर सगळे मिळून काठ्या घेऊन आले.

आजही पुण्यामुंबईत भाड्याने घर बघताना आडनाव ऐकून 'मालकांना विचारून सांगतो' म्हणणारे एजंट सगळ्यांनी पाहिलेत. खडीसाखर, अविश्वासाचा दोष सरसकट अविश्वास ठेवणाऱ्यावर टाकू नका. काहींनी तो अनुभवाने मिळवलाय.

शंकासुर

मोगरींना दंडवत. धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद.

अवांतर: १९५८ साली बॅनफील्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने दक्षिण इटलीतल्या एका गरीब गावाबद्दल असंच लिहिलं होतं. कुटुंबासाठी जीव देतील, पण गावाच्या रस्त्यासाठी चार जण एकत्र येणार नाहीत. त्यावर टीकाही भरपूर झाली, कारण सरकार आणि जमीनदार यांनी पिढ्यान्पिढ्या फसवलेल्या लोकांनी दुसरं काय करायचं? मोगरी म्हणतात तेच.

धोटा

मी भिवंडीचा. आमच्या गावाचं नाव बाहेर दोनच गोष्टींसाठी निघतं, यंत्रमाग आणि दंगल. १९७० आणि १९८४. दोन्ही वेळा शेकड्यांनी माणसं गेली.

पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये जवळची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, हे किती जणांना माहीत आहे? त्याआधी काही वर्षं सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. प्रत्येक वस्तीत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि बैठकीला पोलीस हजर. नुसते पुढारी घेतले नाहीत, साधी माणसं घेतली. दंगल नसतानाही भेटायचं. विषय काय? गटार, नळाची भांडणं, नवरा-बायकोचं भांडण, उधारी. त्यामुळे अफवा उठली तेव्हा खरंखोटं विचारायला दुसऱ्या वस्तीत नावाने ओळखणारा माणूस होता, आणि चौकीतही.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी पुढे दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या जोड्या लावून हेच मांडलं, कालिकत आणि अलीगड वगैरे. ईदला शेजारी शिरखुर्मा, दिवाळीला फराळ, हे खेड्यात पुरतं. शहरात ताण वाढला की ते टिकत नाही. तिथे एकत्र असलेल्या संघटना लागतात: व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, वाचनालयाच्या, अगदी क्रिकेट क्लबच्या.

त्यामुळे खडीसाखर यांना एकच सांगायचंय, विश्वास ठेवा म्हटल्याने बसत नाही. फिरोज आणि मी शेजारी नव्हतो, मित्रही नव्हतो. आमच्या वडिलांची नावं एका कमिटीत होती. त्या जानेवारीत आमची आई रात्री झोपू शकली, एवढाच सुखाशी संबंध मला सांगता येतो.

मु_पो_आटपाडी

आता घरी आलो. लिवतो.

आमच्या वाडीत बायकांचे बचत गट हायत. दहा-बारा जणी, म्हैन्याला ठरलेली रक्कम, वही, पेटी. १९९२ला नाबार्डनं गट बँकांना जोडायला सुरवात केली, आमच्याकडं पोचायला लय वर्षं लागली. माझ्या मंडळीचं म्हणणं, पैशापेक्षा म्हैन्यातनं एकदा घराबाहेर जाऊन दुसऱ्या आळीतल्या बाईजवळ बसायला मिळतं ते मोठं. पोरगं रात्रीचं आजारी पडलं तर दोन हजार कुणाकडं मागायचे ते ठरलेलं असतं, आणि मागताना मान खाली घालावी लागत न्हाई.

पण ह्याचीच दुसरी बाजू. खाजगी फायनान्सवाले आले. तेबी गट करूनच कर्ज देत्यात. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा. मग काय, ज्या बाया एकमेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्याच एकमेकीच्या दारात वसुलीला बसत्यात. एका घरातलं तर माणूस गाव सोडून गेलं. विश्वास तारण ठेवून कर्ज दिलं, हप्ता थकला, विश्वास जप्त. शेजार होता तो पण गेला.

आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की भावकीत हळदीकुंकू बंद. एवढं लिवून थांबतो, सकाळी धारा काढायच्यात.

खडीसाखर

सगळ्यांचे आभार. मोगरी आणि धोटा यांच्याशी बरीचशी सहमत. 'विश्वास ठेवा' असा उपदेश करायचा नव्हता, पण मूळ लेखात तसा सूर लागला असेल तर मान्य.

तरी मी माझा मुद्दा सोडत नाही. मोगरींच्या चाळीत आणि धोटांच्या कमिटीत फरक काय? चाळीत लोक एकमेकांवर लक्ष ठेवून होते. कमिटीत एकमेकांबरोबर काहीतरी करत होते, आणि ते 'आपल्यातले' नसलेल्यांबरोबर. एस्पूकरांचं दाताळं, आटपाडीकरांची पेटी, तेच. हे असलं काम आपल्या रोजच्या जगण्यातून निघून गेलंय आणि लक्ष ठेवणं तेवढं राहिलंय, आता कॅमेऱ्यासकट.

स्टेथो

आरोग्याच्या बाजूने थोडंसं, कारण तो पुरावा सुखापेक्षा ठोस आहे.

हार्वर्डचा १९३८ला सुरू झालेला अभ्यास अनेकांना माहीत असेल. तिथले २६८ विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं, आयुष्यभर पाठपुरावा. ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट असेल हे पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीत आपल्या नात्यांबद्दल माणूस किती समाधानी होता यावरून जास्त चांगलं सांगता आलं. २०१०मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांवर माणसं एकत्र करून पाहिलं, तर सामाजिक संबंध बळकट असलेल्यांची त्या त्या काळात जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली.

दोन इशारे. हार्वर्डवाले सुरुवातीला सगळे गोरे पुरुष होते. आणि आजारी, उदास माणूस आपणच लोकांत मिसळणं कमी करतो, म्हणजे कारण कुठलं नि परिणाम कुठला हे सुटं करणं अवघड. अभ्यासक त्याचा हिशेब धरतात, पण पूर्ण सुटत नाही.

ओपीडीत मी एक प्रश्न विचारते, तो कुठल्या पुस्तकातला नाही. एकटे राहणारे आजी-आजोबा आले की विचारते, 'घराची दुसरी चावी कोणाकडे असते?' मुलांचे फोन किती वेळा येतात यापेक्षा या उत्तरावरून मला जास्त कळतं. बाथरूममध्ये पडल्यावर न्यू जर्सीतला मुलगा दार उघडू शकत नाही.

पाणीपुरीवाली

बाप रे. आमची दुसरी चावी आमच्याच कपाटात आहे.

शंकासुर

आमची इस्त्रीवाल्याकडे. त्याच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे, सोसायटीत दिवसभर असणारा तो एकच माणूस आहे म्हणून. पण दहा वर्षं झाली, आता विश्वासच म्हणायचा.

मोगरी

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंकडे. लिफ्टमध्ये ओळख न दाखवणाऱ्यांपैकीच. कोविडमध्ये मी एकटी पॉझिटिव्ह होते तेव्हा त्यांनी दाराबाहेर डबा ठेवायला सुरुवात केली. एकदाही आत डोकावून 'लग्न का नाही केलंस' विचारलं नाही. पंधराव्या दिवशी मी चावी दिली. मला शेजार नकोय असं नाही, असा हवाय.

एस्पूकर

इथे चावी कोणालाच द्यावी लागत नाही. बाहेर अडकलो तर इमारतीच्या देखभाल कंपनीला फोन करायचा, ओळखपत्र दाखवायचं, ते दार उघडून देतात आणि वर बिल पाठवतात. सोय उत्तम. पण स्टेथोताईंचा प्रश्न वाचून विचार केला, बाथरूममध्ये पडलो तर ओळखपत्र कोण दाखवणार? शनिवारी दाताळंवाल्या शेजाऱ्याला विचारतो. त्याला घाम फुटेल बहुतेक.

गिरणगावकर

मोगरीताई, तुमचं पटलं. माझ्या बहिणीला विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं, कोणी विचारलं नाही.

आमच्या टॉवरमध्ये ज्येष्ठांच्या चाव्या वॉचमनच्या केबिनमध्ये पाकिटात सील करून ठेवाव्यात असा विषय मी मागच्या सभेत काढला होता. सेक्रेटरी म्हणाले, जबाबदारी कोणाची? मग म्हणाले, प्रत्येकाने शंभरच्या स्टँपपेपरवर हमीपत्र द्यावं. मग शंभरचा चालतो की पाचशेचा यावर पाऊण तास गेला आणि कोरम संपला. पुढच्या सभेला पुन्हा काढतो. स्टेथोताई, तुमचा प्रतिसाद छापून नेला तर चालेल का?

स्टेथो

खुशाल न्या काका. पण वॉचमन दर सहा महिन्यांनी बदलतो. मजल्यावरचं एक घर धरा, आणि त्या घरी आधी एकदा चहाला जाऊन या.